सात चौतीसचा मेसेज

नऊला पाच मिनिटं कमी असताना हर्षल धापा टाकत केमिस्ट्रीच्या लॅबपाशी पोचला आणि दारात उभ्या असलेल्या अपेक्षाला म्हणाला, “असा मजाक असते का बे? माया जीवच गेल्ता.”

“कसला मजाक?” अपेक्षानं विचारलं. पण लॅब अटेंडंट पुंजाजी दारातूनच ओरडत होते, “मोबाईल बंद, बॅगी बाहेर, चला आत!” अकोल्याहून आलेले एक्स्टर्नल सर टेबलामागे बसून घड्याळ बघत होते. हर्षल तिच्याकडे रागानं बघत आपल्या जागेवर गेला.

चिठ्ठ्या उचलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की वीस जणांच्या बॅचमध्ये नऊ टेबलं रिकामी आहेत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा आणि नऊ जण गैरहजर! छाया मॅडम, म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख, दोनदा बाहेर जाऊन व्हरांड्यात डोकावून आल्या. साडेनऊला एक्स्टर्नल सरांनी यादीवर नऊ लाल खुणा केल्या. अपेक्षाचं ब्युरेटकडे लक्ष लागेना. थेंब थेंब सोडायच्या वेळी हात जास्त फिरला, फ्लास्कमधलं पाणी गर्द गुलाबी झालं आणि तिला रीडिंग पुन्हा घ्यावं लागलं.

एक वाजता बाहेर येऊन तिनं फोन चालू केला. तेवीस मिस्ड कॉल. त्यातले सहा रोहिणखेडच्या एका मुलीचे. तिनं परत फोन लावला तर पलीकडे नुसतं रडणं. “तूच तर टाकलं न, की घरून निघू नका म्हनून! मी बस सोडून देली अपेक्षा. स्टँडवरून परत गेली मी घरी.”

“मी? मी काऊन टाकीन असं?”

त्या मुलीनं स्क्रीनशॉट पाठवला. वर्गाचा ग्रुप, अपेक्षाचं नाव, तिचाच फोटो आणि खाली मजकूर: ‘आजची प्रॅक्टिकल रद्द झाली आहे. एक्स्टर्नल सर येणार नाहीत. कोणीही घरून निघू नये. नवीन तारीख नंतर कळवते. – छाया मॅडमच्या सूचनेवरून.’ वेळ सकाळी सात चौतीस.

अपेक्षानं स्वतःच्या फोनवर ग्रुप उघडला. तिथं तिचा शेवटचा मेसेज होता आदल्या संध्याकाळचा: नऊ वाजता हजर राहणे, जर्नल आणि ॲप्रन आणणे. त्याच्याखाली थेट दोघातिघांचे ‘ओके’, एकाचं ‘बरं झालं बाप्पा’, आणि आठ पन्नासला होस्टेलच्या मुलाचं ‘अरे एक्झाम चालू होऊन राह्यली, या लवकर’. सात चौतीसचा मेसेज तिच्या फोनवर नव्हताच. कुणीतरी तो पाठवून, मग फक्त तिच्याकडून काढून टाकला होता.

पहिल्या वर्षी छाया मॅडमनी वर्गात विचारलं होतं, की नोटीस ग्रुपवर कोण टाकेल, तेव्हा अपेक्षानं हात वर केला होता. तेव्हापासून ती ॲडमिन. एक्केचाळीस जणांना सवयच लागली होती, की अपेक्षानं टाकलं म्हणजे मॅडमनं सांगितलं. कोणी उलट विचारत नसे. ह्या गोष्टीचा तिला मनातून थोडा अभिमानही होता. अमडापूरच्या अर्जुनरावांची, वांगी आणि कोथिंबीर लावणाऱ्या घरातली पोरगी, आणि तिच्या एका ओळीवर सगळा वर्ग हलायचा.

आणि मजकूर तिच्याच वळणाचा होता. मॅडमच्या नावाआधी छोटी रेघ मारायची सवय तिचीच. म्हणजे ज्यानं कोणी लिहिलं, त्याला ती चांगली ठाऊक होती.

सात चौतीसला ती कुठं होती, हे आठवायला तिला वेळ लागला नाही. ती अमडापूरहून चिखलीला येणाऱ्या एसटीत होती. शेजारी मंजुश्री बसली होती. मंजुश्रीच्या फोनची काच फुटली होती, म्हणून वहीतल्या रिॲक्शनचे फोटो बघायला तिनं अपेक्षाचा फोन मागून घेतला होता. जवळजवळ स्टँड येईपर्यंत तो तिच्याच हातात होता. अपेक्षा खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून सूत्रं पाठ करत होती. फोन परत घेतला तो न बघताच बंद केला आणि बॅगेत टाकला.

दुसरं कोणी नव्हतंच.

पुंजाजींच्या स्टुलाजवळ मंजुश्री तिची वाट बघत उभी होती. दोघी पाचवीपासून एका बाकावर. मंजुश्रीची आई सिंधूताई गावात अंगणवाडी चालवायची. मंजुश्रीलाही आता सगळं कळलं होतं.

“कोन करू शकते गं असं?” ती म्हणाली.

अपेक्षानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती सहज विचारते ही, असं तिला वाटलं. आणि एकदा तसं वाटल्यावर पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं. मागच्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेसाठी कॉलेजमधून एक नाव पाठवायचं होतं. दोघींचे प्रोजेक्ट तोलामोलाचे. मॅडमनी अपेक्षाचं नाव पाठवलं. मंजुश्री तेव्हा “बरं झालं, अभिनंदन” एवढंच म्हणाली होती आणि लगेच वही उघडून बसली होती. एवढंच? एवढ्या जुन्या मैत्रिणीला एवढंच?

परतीच्या बसमध्ये अपेक्षा बोलली नाही. मंजुश्रीनं दोनदा विषय काढला. “मॅडमले आजच सांगून दे, की तुयाकडून गेला नाई तो.” अपेक्षानं हुं केलं. मंजुश्रीनं पाण्याची बाटली पुढे केली, तिनं नको म्हटलं. शेजारी बसलेल्या मंजुश्रीची बोटं बाटलीच्या झाकणावर फिरत होती आणि अपेक्षा त्या बोटांकडे बघत होती. ह्याच बोटांनी लिहिलं असेल, शेजारी बसून, मी डोळे मिटलेले बघून.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर आगडोंब उसळला होता. नऊ जणांपैकी एकाच्या वडिलांनी पोलिसात जायची भाषा केली होती. जीवन नावाचा एक शांत मुलगा, जो चिखलीतच स्टँडमागे खोली करून राहायचा, त्यानं लिहिलं होतं, ‘माझं वर्ष गेलं. मी खोलीवर बसून राहिलो. जबाबदार कोण?’ त्याच्याखाली सगळ्यांचं एकच: ॲडमिननं उत्तर द्यावं.

अपेक्षानं उत्तर दिलं. सरळ आरोप करायचा नाही, एवढं भान तिला होतं. पण जे लिहिलं ते आरोपाहून वाईट निघालं.

‘सकाळी ७:२० ते ७:४५ माझा फोन माझ्याकडे नव्हता. मंजुश्रीकडे होता. मला एवढंच सांगायचं आहे.’

सव्वापाच वाजले होते. मग सगळे एकदम तुटून पडले. मंजुश्रीनं एकच ओळ लिहिली, ‘मी नाही पाठवला.’ आणि पाच वाजून बावीस मिनिटांनी हर्षलनं लिहिलं:

‘स्कॉलरशिपवाल्यांले काय, यायले सगळं फुकटच भेटते. दुसऱ्याचं वर्ष गेलं तं यायचं काय जाते.’

खाली तीन जणांनी हसरे चेहरे चिकटवले.

त्या ओळीचा अर्थ वर्गातल्या प्रत्येकाला कळत होता. मंजुश्रीचं घर बौद्धवाड्यातलं आहे, हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. अपेक्षानं ती ओळ वाचली. तिचं बोट काचेवर आलं. ॲडमिन असल्यामुळे तिला कोणाचाही मेसेज काढता येत होता. पूर्वी दोनदा तिनं फालतू जाहिराती काढल्या होत्या. पण तिनं बोट मागे घेतलं. आपल्या बाजूनं कोणीतरी बोललं, हे त्या घटकेला तिला बरं वाटलं होतं. तिनं फोन पालथा ठेवला आणि आईला भाकरी थापायला मदत करू लागली.

सव्वासातला छाया मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खालचा होता. “मला कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवला. हर्षलचा तो मेसेज आधी काढ. आत्ता. मी लाइनवर आहे.”

तिनं काढला. त्या जागी ‘हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला’ अशी पाटी उरली. दोन तासांत एक्केचाळीस जणांनी तो वाचून घेतला होता.

“उद्या दहाला माझ्या केबिनमध्ये ये. मंजुश्रीलाही बोलावलंय,” मॅडम म्हणाल्या. “आणि अपेक्षा, तू पाहिलंस का गं तिच्या हातून मेसेज जाताना?”

“नाई मॅडम. पन फोन तिच्याचकडे होता.”

“मी ते विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मंजुश्री आधीच्या बसनं येऊन केबिनबाहेर बसली होती. अपेक्षाकडे तिनं पाहिलं नाही. डोळे सुजलेले होते, पण आत गेल्यावर ती खणखणीत बोलली.

“मॅडम, माया भाऊ रवी मोबाईलच्या दुकानात काम करते. त्यानं रात्री एक गोष्ट सांगतली. हिच्या व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस म्हनून जागा आहे, दुसऱ्या कोनत्या कम्प्युटरवर ते उघडं आहे हे तिथं दिसते. ते उघडायले लावा. तिथं काई नसलं तं मी कबूल करतो, की शक घ्यायले जागा आहे.”

अपेक्षाला ते नाव ऐकून माहीत होतं, ती तिथं कधी गेली नव्हती. मॅडमसमोर टेबलावर फोन ठेवून तिनं उघडलं. एक ओळ दिसली. विंडोज, क्रोम. शेवटचं चालू: काल, सकाळी सात एक्केचाळीस.

“हा कम्प्युटर कोणाचा?” मॅडमनी विचारलं.

अपेक्षाला आठवलं. सोमवारी दुपारी तिनं स्टँडसमोरच्या माणिकरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची पानं प्रिंट केली होती. तिथल्या कम्प्युटरवर फोननं कोड स्कॅन करून व्हॉट्सॲप उघडलं, फाइल काढली, बसची वेळ झाली म्हणून खिडकी फुलीवर दाबून बंद केली आणि निघून आली. लॉगआउट केलं नव्हतं. सगळे तसंच करायचे. दुकानात कायम गर्दी, मागचा माणूस खुर्ची ओढायला टपलेला.

मॅडमनी पर्स उचलली. “चला. दोघीही.”

माणिकराव मशिनमध्ये कागद भरत होते. मॅडमना बघून त्यांनी खुर्ची पुसली. अपेक्षानं कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर ब्राउझर उघडला, पत्ता टाकला आणि समोर तिचंच व्हॉट्सॲप भसकन उघडलं. वर वर्गाचा ग्रुप. खाली आई. मामेबहिणीशी स्थळाबद्दल झालेलं बोलणं. मंजुश्रीशी केलेली गेल्या तीन वर्षांची बडबड. तीन दिवस हे सगळं ह्या दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी उघडं पडलं होतं. तिला आपल्या घराची भिंत कोणी पाडून नेल्यासारखं वाटलं.

“काका, काल सकाळी साडेसातला इथं कोण बसलं होतं?” मॅडमनी विचारलं.

“सकाळी सातलेच उघडतो मी. फॉर्मवाले येतात,” माणिकराव म्हणाले. “कॉलेजचे पोरं होते दोन-तीन. चेहरे कोन ध्यानात ठेवते, मॅडम?”

मंजुश्री मागे उभी होती. ती म्हणाली, “डाउनलोडचं फोल्डर पाहा. ज्यानं प्रिंट काढली, त्याची फाइल राह्यते.”

बुधवारच्या फाइली सहा होत्या. कुणाचा जातीचा दाखला, कुणाचं आधार, एक लग्नपत्रिका. आणि सात एकवीसला उतरवलेली एक, नाव इंग्रजी अक्षरांत: जीवन जर्नल, पान अकरा ते सोळा.

छाया मॅडमनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. “हा तर खोलीवर होता म्हणाला,” त्या पुटपुटल्या.

जीवनला बोलावलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, मी आदल्या दिवशी गेलो होतो. मॅडमनी वेळ सांगितली. मग तो खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याचं अवसान गळालं. मार्चमध्ये त्याला टायफॉइड झाला होता, तीन आठवडे तो मोताळ्याला गावी पडून होता. जर्नलची सहा प्रॅक्टिकल्स राहिली. मित्राची पानं बघून काल सकाळी तो ती उतरवून, चिकटवून आणायच्या मागे होता. पण सहीशिवायचं जर्नल घेऊन आत बसू देणार नाहीत, हे त्याला माहीत होतं.

“तर मला येऊन सांगायचं होतं,” मॅडम म्हणाल्या. “दवाखान्याचा कागद होता ना तुझ्याकडे?”

“भेव वाटला मॅडम. तुम्ही मागच्या वर्षी एकाले सगळ्यांसमोर बोलले होते जर्नलवरून.” तो नाक पुसत म्हणाला. “कम्प्युटरवर अपेक्षाचं नाव उघडं दिसलं. वर तिच्या नोटिसा होत्याच, त्या पाहून लिहिलं, मंग तिले दिसू नये म्हनून तिच्याकडून पुसून टाकलं. वाटलं, बॅचच आली नाई तं सर परत जातीन, तारीख पुढं जाईन. कोनाचं वाईट करायचं नोयतं. एवढे लोक ऐकतीन आन् एवढे येतीन, असं अर्धं-अर्धं होईन असं वाटलंच नाई.”

छाया मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि लेखी लिहून घ्यायला प्राचार्यांकडे नेलं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. कॉलेजनं विद्यापीठाला पत्र लिहिलं, स्क्रीनशॉट जोडले; आठ जणांना महिनाभरानं पुन्हा परीक्षा देता आली. जीवनची त्या सत्राची प्रॅक्टिकल बाद झाली, हिवाळी सत्रात त्यानं दिली. वर्गाचा ग्रुप बंद झाला. नवा ग्रुप मॅडमनी स्वतः काढला, तिथं फक्त शिक्षकच लिहू शकत, आणि प्रत्येक सूचना लॅबच्या दारावर कागदावरही लागू लागली. हर्षलबद्दल मंजुश्रीनं कॉलेजच्या समितीकडे लेखी अर्ज दिला. त्याच्या घरचे लोक येऊन “पोरानं मजाकमध्ये लिहिलं” म्हणून सांगून गेले. तिनं अर्ज मागे घेतला नाही. समितीसमोर त्याला लेखी माफी मागावी लागली, आणि हसरे चेहरे टाकणाऱ्या तिघांनाही.

जुना ग्रुप बंद व्हायच्या आधी अपेक्षानं त्यात लिहिलं होतं, की चूक माझी होती, मी मंजुश्रीवर विनाकारण संशय घेतला, मला माफ करावं. छत्तीस जणांनी अंगठा दाखवला. मंजुश्री तोवर ग्रुप सोडून गेली होती.

रविवारी अपेक्षा तिच्या घरी गेली. सिंधूताई ओट्यावर बसून अंगणवाडीच्या पोरांच्या वजनांचे तक्ते पुरे करत होत्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “ये,” म्हणाल्या. लहानपणापासून ह्या घरात तिला ये म्हणावं लागलं नव्हतं.

“मावशी, मंजू आहे का?”

“आहे. बोलन का, ते तिचं ती पाह्यन.”

मंजुश्री दारात आली, चौकटीला टेकून उभी राहिली. अपेक्षा पाठ करून आणलेलं सगळं विसरली. “माया डोक्यात एकदा घुसलं न, मग सगळं तसंच दिसत गेलं,” एवढंच ती म्हणाली. “तुया हाताकडे पाहत बसली होती मी बसमध्ये.”

“मले समजलं होतं,” मंजुश्री म्हणाली. “फोन माया हातात होता, तुले शक आला. तुया जागी मी असती तं मलेही आला असता. मले विचारलं असतं तं मी तिथंच रागावली असती, भांडली असती, संपलं असतं.”

“मी चुकली मंजू.”

“सव्वापाचचं नाई म्हनत मी. पाच बावीसचं म्हनतो. हर्षलनं ते लिहिलं तेव्हा तू ऑनलाइन होती. मी पाहून राह्यली होती. मले वाटलं, आता काढन, आता काढन. आई शेजारी बसली होती. आईनंही वाचलं ते. एक बोट लावायचं होतं तुले. मॅडमचा फोन येईपर्यंत नाई लावलं.”

अपेक्षाला खोटं बोलता आलं असतं, की मी पाहिलंच नव्हतं, की नेट नव्हतं. तिनं मान खाली घातली. “पाह्यलं होतं मी. ठेवलं तसंच.”

ओट्यावर सिंधूताईंचा पेन थांबला होता. त्या उठल्या, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि अपेक्षाच्या हातात दिला. “खरं बोलली, एवढं बरं केलं,” त्या म्हणाल्या. “पे पानी. ऊन आहे बाहेर.”

ती पाणी प्यायली. मंजुश्री आत निघून गेली.

उन्हाळाभर दोघी एकाच बसनं परीक्षांना गेल्या, वेगवेगळ्या सीटवर. मेच्या शेवटच्या पेपरला बस भरलेली होती तेव्हा मंजुश्री तिच्या शेजारी येऊन बसली. पेपर कसा येईल ह्यावर दोन वाक्यं बोलणं झालं. संशोधन स्पर्धेतलं आपलं नाव अपेक्षानं मॅडमकडे जाऊन मागे घ्यायचा प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, “तिला बक्षीस देऊन तुझी सुटका करून घेऊ नकोस. दोघींचे प्रोजेक्ट वेगळे होते, निवड वेगळ्या कारणानं झाली.” त्यामुळे तेही तसंच राहिलं.

निकालात मंजुश्री कॉलेजात पहिली आली आणि एम.एस्सी.साठी अमरावतीला गेली. ती गेल्याचं अपेक्षाला अमडापूरच्या बाजारात सिंधूताईंकडून कळलं. तिनं घरी येऊन अभिनंदनाचा मेसेज लिहिला, वाचला, पुन्हा लिहिला. मग सगळा पुसून तिनं सरळ फोन लावला.

तिसऱ्या रिंगला मंजुश्रीनं उचलला. “बोल.”

चार मिनिटं बोलल्या. होस्टेलची खोली, मेसमधली वरणाची चव, लॅबमधली नवी मशिनं. अपेक्षानं माफीचा शब्द काढला नाही, मंजुश्रीनंही त्या दिवसाचं नाव घेतलं नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, “दिवाळीले येईन गावात.”

भेटू, असं ती म्हणाली नाही. अपेक्षानंही विचारलं नाही. “सांभाळून राह्यजो,” एवढं ती म्हणाली, आणि पलीकडून “हाव, तू पन” असं आलं.